इंग्रज उमराव टिकले कसे?

फ्रान्समध्ये उमरावांची मुंडकी उडाली, मग इंग्लंडातले ड्यूक आणि अर्ल आजही हजारो एकर बाळगून कसे, हा तुमचा प्रश्न. वर एकदोघांनी 'इंग्रज मुळातच समजूतदार' असं लिहिलंय, ते काही पटत नाही. माझ्या मते सगळी मेख जमिनीच्या कायद्यात आहे.

आपल्याकडे वतन असो की शेती, दोन-तीन पिढ्यांत वाटण्या होतात आणि भाऊबंदकी कोर्टात पोचते. तिकडे किताब आणि इस्टेट दोन्ही थोरल्याकडे. शिवाय सतराव्या शतकात वकिलांनी पक्की तजवीज करून ठेवली: बाप फक्त हयातीपुरता धनी. थोरला २१ वर्षांचा झाला की बाप त्याच्यापुढे कागद ठेवायचा. सही केलीस तर आजपासून सालीना रक्कम, नाहीतर बस मी मरायची वाट बघत. लग्न तोंडावर आलेलं, खिसा रिकामा; पोरगा सही करायचाच. त्या सहीने तोही हयातीपुरताच धनी व्हायचा आणि पुढचा हक्क त्याच्या अजून न जन्मलेल्या मुलाकडे जायचा. एखादा जुगारी निघाला तरी त्याला इस्टेट फुंकता येत नसे.

धाकटे? फ्रान्समध्ये उमरावाची सगळी मुलं उमराव, सवलतींसकट. इंग्लंडात किताबवाला एकटा उमराव, बाकीचे कायद्याने साधे प्रजाजन. मग ते फौजेत, चर्चमध्ये, कंपनी सरकारात शिरत. १८०३ मध्ये आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली हा आयर्लंडमधल्या एका अर्लचा असाच धाकटा मुलगा. गव्हर्नर जनरल कोण, तर त्याचाच थोरला भाऊ!

संसदेतही बाप वरच्या सभागृहात, मुलगा खालच्या. ओल्ड सेरम ही जवळजवळ ओसाड टेकडी १८३२ पर्यंत दोन खासदार पाठवत होती. हिंदुस्थानच्या व्यापारात गबर झालेल्या थॉमस पिटने ती चक्क विकत घेतली. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याचा नातू विल्यम १७३५ मध्ये तिथूनच निवडून आला आणि पुढे देशाचा कारभार बघू लागला. नव्या पैशाला असा दरवाजा उघडा असल्यावर क्रांती करायची कुणी?

झळ गरिबांनी सोसली. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनला वाड्यासमोर गाव नको होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने अख्खं गाव पाडून नजरेआड नवं वसवलं. त्या मिल्टन ॲबसच्या एकसारख्या घरांचे आता पर्यटक फोटो काढतात.

उतरती कळा लागली ती १८७० च्या दशकात, अमेरिकेचं स्वस्त धान्य आल्यावर. खंड घसरला, १८९४ मध्ये नवा वारसा कर बसला, १९११ मध्ये लॉर्ड्सचा, म्हणजे उमरावांच्या वरच्या सभागृहाचा, नकाराधिकार गेला. चॅट्सवर्थ वाड्याचा मालक, डेव्हनशरचा दहावा ड्यूक, १९५० मध्ये वारला तेव्हा कर होता ८० टक्के. मालमत्ता आधीच मुलाच्या नावे फिरवली होती, पण करमाफीची पाच वर्षांची मुदत भरायला काही आठवडे कमी पडले. हार्डविक हॉल हा वाडा आणि जुन्या उस्तादांची चित्रं सरकारला द्यावी लागली.

तरी थोरल्या मुलाचा नियम किताबांना अजून लागू आहे. राजगादीसाठी मुलगा-मुलगी भेद २०१३ च्या कायद्याने काढला, उमरावांसाठी मात्र नाही. २०१६ मध्ये वेस्टमिन्स्टरचा ड्यूक वारला. लंडनच्या मेफेअर-बेलग्रेव्हियातल्या जमिनी याच घराण्याच्या. दोन मुली वयाने मोठ्या असूनही किताब गेला धाकट्या भावाकडे.