आधी लाइनवर जा

सप्रेम आशीर्वाद.

तुझी मेल रविवारी निवांत वाचली. सकाळी मोशीच्या चौकात ॲल्युमिनियमचे पार्ट ओतणाऱ्या कंपनीची बस दिसली की पोटात गोळा येतो, पण नोकरी वाईट आहे असंही म्हणता येत नाही, पगार वेळेवर होतो, साहेब ओरडत नाहीत, असं तू लिहिलं आहेस. शेवटी विचारलं आहेस की सर, ती पहिल्या तीन-चार वर्षांतली उमेद परत कशी आणायची?

उमेदीची वाट बघत बसू नकोस, एवढं आधीच सांगून टाकतो. तुझ्यासारखे बरेच जण पाहिले. आधी मन लागेल आणि मग काम करू, असं ज्यांनी ठरवलं ते पाच वर्षांनी त्याच खुर्चीत होते. काम शेवटाला गेलेलं डोळ्यांनी दिसलं की मन आपोआप लागतं. तुझ्या बाबतीत तर नेमकं हे दिसणंच बंद झालं आहे.

तू रजेवरून परत आलीस तेव्हाचं आठव. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची रजा मिळते, ती तू घेतलीस, त्यात गैर काहीच नाही. पण मधल्या काळात तुझी उत्पादनाची लाइन दुसऱ्याकडे गेली. परत आल्यावर 'आता घरी लहान बाळ आहे, धावपळ नको' असं म्हणून तुला ग्राहक तक्रारींच्या टेबलावर बसवलं. कोणी दुष्टपणाने केलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे असे निर्णय बहुतेक वेळा काळजीच्या सुरात होतात, म्हणून त्यांच्याशी भांडणंही अवघड जातं. तुला विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून तू एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीवर आठ पायऱ्यांत दिलेली उत्तरं, लिहितेस.

ते कसे लिहिले जातात हे मला ठाऊक आहे. हाउसिंग (पार्टचं बाहेरचं कवच) लीक झालं, ग्राहकाची मेल आली. डी-थ्रीमध्ये (तातडीचा उपाय) शंभर टक्के तपासणी, गोदामातला माल सॉर्ट. डी-फोरमध्ये (कारण) 'गॅस पोरोसिटी', म्हणजे धातूत गॅस अडकून पडलेली भोकं. डी-फाइव्हमध्ये (कायमचा उपाय) 'ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले', सोबत हजेरीपटाचा फोटो. डी-एटमध्ये टीमचं अभिनंदन! (फोर्डने 1980 च्या दशकात ही पद्धत बसवली तेव्हा आठव्या पायरीवर खरोखर अभिनंदन करण्याजोगं काही घडावं अशी अपेक्षा असणार. आपण तिथे टिकमार्क करतो.) दोन महिन्यांनी तोच पार्ट, तीच तक्रार, तुझा तोच रिपोर्ट, तारीख तेवढी बदललेली. अशा कामात कोणाचंही मन मरेल. तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे झालेलं नाही, तुझ्या हातून काहीच पूर्ण होत नाही म्हणून झालं आहे.

तेव्हा आता एक पार्ट निवड. एकच. सगळ्यात जास्त तक्रारींचा नको, त्यावर आधीच दहा जणांचे डोळे असतात आणि राजकारणही असतं. मधला निवड. महिन्याला थोडे थोडे पीस लीक टेस्टला पडतात, इम्प्रेग्नेशनला (भोकं भरून बुजवायला) पाठवून ते वाचवले जातात, आणि 'एवढं चालायचंच' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला. असा पार्ट प्रत्येक पीडीसी शॉपमध्ये (प्रेशर डाय कास्टिंग, दाबाने साच्यात धातू ओततात तिथे) असतो. तुझ्याकडेही आहे, हे वाचताना त्याचं नाव तुझ्या डोळ्यांसमोर आलंच असेल.

पहिला आठवडा काहीही सुधारायला जाऊ नकोस. फक्त लीक झालेले पीस फेकू न देता वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांग. प्रत्येकावर कॅव्हिटी (साच्यातला खण) नंबर, तारीख, शिफ्ट आणि जमलं तर वेळ, मार्करने. पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघ आणि तिथे गोल कर. तीस-चाळीस पीस जमले की ते टेबलावर ओळीने मांड. गोल एकाच जागी येतात की विखुरलेले? एकाच कॅव्हिटीचे आहेत का? एकाच शिफ्टचे आहेत का? निम्मं उत्तर या मांडणीतच मिळतं, आणि ही मांडणी बहुतेक ठिकाणी कोणी केलेलीच नसते.

मग त्यातले चार-पाच पीस गोलावरून कापून घे. गॅसचं भोक गोलसर असतं, आतून गुळगुळीत, चकचकीत. श्रिंकेजचं, म्हणजे धातू थिजताना आकसल्याने पडलेलं, वेडंवाकडं, खरबरीत, आणि बहुधा जाड भागात, जिथे धातू सगळ्यात शेवटी थिजतो. तुझ्या रिपोर्टांत सगळीकडे 'गॅस पोरोसिटी' लिहिलं आहे, पण पीस कापून कोणी बघितलं होतं का? दोघांचे उपाय वेगळे आहेत. गॅस असेल तर स्लो फेजमध्ये (सुरुवातीच्या संथ टप्प्यात) प्लंजर, म्हणजे धातू ढकलणारा दांडा, किती वेगाने जातो ते बघ, घाईने गेला तर स्लीव्हमधली (त्याच्या नळीतली) हवा धातूत गुरफटते. स्प्रेचं पाणी डायवर (साच्यावर) साचतं का, तेही बघ. श्रिंकेज असेल तर बिस्किटाची (नळीच्या टोकाला उरणाऱ्या धातूच्या चकतीची) जाडी मोज. लॅडलमध्ये (धातू घेण्याच्या पळीत) धातू कमी आला की बिस्किट पातळ होतं आणि शेवटचा दाब आतपर्यंत पोचतच नाही. आणि तिसरी शक्यता, जी क्वालिटीवाले नेहमी विसरतात: कास्टिंगची वरची कातडी घट्ट असते, सच्छिद्रपणा आत असतो. मशिनिंगमध्ये जास्त माल काढला की ती कातडी निघून जाते आणि आतलं भोक उघडं पडतं. तेव्हा कास्टिंगवाल्यांना शिव्या घालण्याआधी फिक्स्चरवर (मशिनिंगला पीस धरणाऱ्या साधनावर) पीस नीट बसतो का ते बघून घे.

भोसरीला आमच्याकडे एका कव्हरचं असंच घोंगडं वर्षभर भिजत पडलं होतं. सगळे मशीनच्या सेटिंगशी झटत होते. शेवटी ट्रेमधल्या पिसांवरच्या वेळा बघितल्या तर ते जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीनंतरचे निघाले. मशीन थांबलं की डाय थंड होतो. पुन्हा चालू केल्यावर पहिले काही शॉट गरम करण्यासाठी मारून भट्टीत परत टाकायचे असतात, पण ते उत्पादनाच्या आकड्यातून जातात म्हणून कोणी टाकत नव्हतं, गुपचूप चांगल्या मालात मिसळत होते. हे शोधलं एका जुन्या ऑपरेटरने. त्याला ते आधीपासून माहीत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा ऑपरेटरशी बोल. पण पॅड आणि पेन घेऊन समोर उभी राहू नकोस, चौकशी चालली आहे असं वाटून माणूस गप्प होतो. मशीनपाशी वीस मिनिटं नुसती थांब, तो स्वतःच बोलायला लागेल.

वेळ कुठून आणू, हे तू विचारणार. मुलगी तीन वर्षांची आहे, सेकंड शिफ्टला थांबता येत नाही, मान्य. पण तुझी बस येते तेव्हापासून सकाळच्या मीटिंगपर्यंत अर्धा तास असतो. तो आता चहात आणि मेल उघडण्यात जातो. तोच अर्धा तास शॉपवर घालव. मेल आधी उघडलीस तर दिवस मेलचा झाला, हे मी तुला ट्रेनी असतानाही सांगायचो. घरी मात्र या कामाचं काही नेऊ नकोस. रात्री मुलगी झोपल्यावर लॅपटॉप उघडण्याचा जोश पहिल्या आठवड्यात येतो आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस आणखी थकलेला असतो.

साहेबांशी कसं बोलायचं? 'मला माझी लाइन परत द्या' म्हणून जाऊ नकोस. त्या वाक्यात आता त्या लाइनवर असलेल्या माणसाला हलवणं आलं, ते त्यांना नको असणार. 'हा एक पार्ट मी तीन महिने बघते, लीक आणि इम्प्रेग्नेशनचा खर्च दोन्हींचा आकडा दर महिन्याला तुम्हाला देते' असं म्हण. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण राहत नाही. आणि रिपोर्टांचं काम थोडं कमी करून माग, जादा काम म्हणून घेऊ नकोस. जादा म्हणून घेतलेलं काम पहिल्या ऑडिटला बाजूला पडतं.

ग्रीन बेल्टचा (सिक्स सिग्मा गुणवत्ता सुधारणेचा) कोर्स करू का, असं विचारलं आहेस. कर, पण नंतर. प्रोजेक्टशिवाय घेतलेला ग्रीन बेल्ट भिंतीवर छान दिसतो, मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडतो. हाच पार्ट तुझा प्रोजेक्ट होऊ दे. तोवर काही वाचायचंच असेल तर 2019 चं एफएमईए हँडबुक (बिघाड आधीच ओळखण्याच्या पद्धतीचं) वाच. त्यात जोखीम मोजायचा जुना आरपीएनचा गुणाकार काढून ॲक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर काम करायचं ती क्रमवारी) आणली आहे, आणि तुमच्या शीटमध्ये अजून गुणाकारच चालू असेल अशी मला दाट शंका आहे. दूरशिक्षणाच्या एमबीएबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: सध्या पैसे वाचव.

राजीनामा देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, असंही लिहिलं आहेस. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपल्याकडे नेहमी त्यासाठीच सांगतात. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते, बढती डावलली गेली, बाणेदारपणे नोकरी सोडली, आणि 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. भाषणात हे फार छान वाटतं. पण नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली पाठवत होते आणि बेळगावात भाऊ रामूअण्णा त्या विकत होते, हे सांगणारे कमी. नोकरी सुटली तेव्हा हातात आधीच काहीतरी चालू होतं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, पहिली विक्री व्हायलाही बराच काळ गेला. मला त्यातला सायकलींचा भाग जास्त मोलाचा वाटतो.

तू जायचंच ठरवलंस तरी हा पार्ट संपवून जा. आपल्या चाकणच्या पट्ट्यात मुलाखतीला प्लँट हेड बहुधा एकच गोष्ट विचारतो, तुम्ही स्वतः सोडवलेला एक प्रॉब्लेम सांगा. तिथे तुला आठ वर्षांच्या अनुभवातून पहिल्या चार वर्षांतलंच सांगावं लागेल, आणि ते त्याच्या लगेच लक्षात येईल.

आणखी एक भीती तुझ्या मेलमध्ये दडली आहे, स्पष्ट लिहिली नाहीस. इंजिन गेलं की आपलं काय? इंजिनाचे पार्ट कमी होतील, खरं आहे. पण इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरला ॲल्युमिनियमचंच हाउसिंग लागतं. त्याच्या भिंतीतून थंड करणारं पाणी फिरवतात, म्हणजे लीक टेस्ट आलीच, आणि तिथे लीक झालं तर पाणी थेट मोटरमध्ये. टेस्लाने तर गाडीचा मागचा सांगाडाच 6000 टन जोराने साचा दाबून धरणाऱ्या मशीनवर ओतायला सुरुवात केली. ॲल्युमिनियमचा पीस कापून आतलं भोक वाचता येणाऱ्या माणसाला काम कमी पडेल असं मला तरी दिसत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याबद्दल तशी खात्री देता येणार नाही, ते काम आता संगणकही बरं करतो म्हणे.

एक अडचण सांगून ठेवतो. पहिला महिना काहीच हाती लागणार नाही. आकडा खालीवर होईल, एखाद्या आठवड्यात वाढेलही, आणि रिपोर्टांवाली हिला काय कळतं असं कोणीतरी कँटीनमध्ये बोलेल. बोलू दे. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि बदलल्याची तारीख लिहून ठेव, नाहीतर आकडा कमी झाला तरी कशामुळे झाला ते तुलाच सांगता येणार नाही.

कापलेल्या पिसांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठव. शेजारी पट्टी ठेवून काढ, म्हणजे भोकाचा आकार कळेल, आणि कॅव्हिटी नंबर व शिफ्ट लिहायला विसरू नकोस. गुरुवार सोडून कधीही फोन कर, गुरुवारी मी पॉलिटेक्निकच्या मुलांना शिकवायला जातो.

तुझा,
जुना साहेब