डिस्क गोल्फमध्ये पहिला एस हवाय? ड्रायव्हर बॅगेतच राहू दे

हे बघ, एस म्हणजे पहिल्याच फेकीत डिस्क बास्केटमध्ये, म्हणजे साखळ्या लटकवलेल्या टोपलीत. त्यासाठी 400 फुटांच्या होलवर (फेकीच्या जागेपासून बास्केटपर्यंतच्या टप्प्यावर) जोर काढत बसू नकोस. 200-250 फुटांचं मोकळं होल निवड आणि पटर, म्हणजे मंद उडणारी डिस्क, घे. वेगात आलेला ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, साखळ्यांवर आदळून बरेचदा बाहेर उसळतो. पटर मंद येतो, साखळ्यांत थबकतो आणि खाली पडतो. उजव्या हाताने बॅकहँड टाकत असशील तर डिस्क शेवटी डावीकडे वळणारच, म्हणून नेम बास्केटच्या जरा उजवीकडे धर. उंची साखळ्यांएवढीच ठेव. आखूड टाकून सावधपणा केलास तर एस विसर! आणि बास्केटच्या डोक्यावर बसलेली डिस्क मोजत नाहीत, कितीही हळहळ वाटली तरी. अमेरिकेत लीग खेळणार असशील तर राउंडआधीच एस फंडात, म्हणजे एस मारणाऱ्याला मिळणाऱ्या सामायिक रकमेत, डॉलर टाक.