१९२७ मध्ये 'फिक्की' ही देशी व्यापारी-उद्योजकांची देशव्यापी संघटना काढायची गरज का पडली?

मुंबईत इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ पासून होतं, इतर शहरांतही देशी व्यापाऱ्यांची मंडळं होती. पण जो तो आपल्या गावापुरता बोलायचा. ब्रिटिश व्यापाऱ्यांची चेंबर्स मात्र १९२० पासूनच 'असोचॅम' या महासंघात एकवटली होती.

माझ्या मते खरा चटका रुपयाच्या दराने दिला. भारताच्या चलनाचा विचार करायला सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये एका रुपयाला १८ ब्रिटिश पेन्सचा दर सुचवला. म्हणजे रुपया महाग, विलायती माल स्वस्त आणि कापूस निर्यात करणाऱ्याच्या हाती रुपये कमी! आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्ससाठी भिन्नमतपत्रिका लिहिली, तरी १९२७ मध्ये कायदा १८ पेन्सचाच झाला. एकट्यादुकट्याचं कितीही मुद्देसूद म्हणणं सरकार बाजूला सारू शकत होतं. त्याच वर्षी ठाकुरदास आणि घनश्यामदास बिर्ला यांच्या पुढाकाराने फिक्की उभी राहिली.