आतषबाजीची जुनी चित्रं घेताना

चोरबाजारात मटण स्ट्रीटला जाणार असशील तर खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेव. ‘अडीचशे वर्षांपूर्वीचं’ म्हणून दाखवलेल्या चित्रात ठिपक्यांची जाळी दिसली, की नंतरची नक्कल समज. मी पहिल्या खेपेला तीच आणली, वर फ्रेमसकट! तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राला चारी कडांनी दाबखूण असते, बोटालाही लागते. कडा कापल्या असतील तर मात्र ती गेलेली असते.

आणि चित्रात दिसतं तेच घडलं, असं धरू नकोस. २७ एप्रिल १७४९ ला लंडनच्या ग्रीन पार्कात तहाच्या आनंदात दारूकाम झालं. त्याची कित्येक चित्रं आधीच कोरून विकायला काढलेली. त्यांत बाण कसे शिस्तीत उडताहेत! प्रत्यक्षात पाऊस, आणि दारूकामासाठी उभारलेल्या मंडपाचा एक भागच पेटला. मला तरी ही थापच जास्त आवडते.

सुरुवात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या जुन्या सचित्र इंग्रजी साप्ताहिकाच्या सुट्या पानांनी कर. एकोणिसाव्या शतकातलं रंगीत पान दिसलं तर बहुधा रंग मागाहून भरलेले असतात. त्याचे जादा पैसे देऊ नकोस.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नकोस, तांबूस डाग पडतात.