पेनड्राइव्हमध्ये नक्की काय काय गेलं?

स्वतःची लिनक्स लाइव्ह सीडी (संगणकात काही न बसवता थेट चालणारी लिनक्स) बनवायची म्हणजे एके काळी नॉपिक्स या जुन्या लाइव्ह सीडीची आवळलेली फाइलसिस्टीम सोडवा, क्रूटमध्ये (तिच्या आतल्या प्रणालीत) शिरा, पुन्हा आवळा आणि पहाटे तीनला कळावं की बूटच होत नाही, असा कारभार होता. आता चार बटणांत आयएसओ (अख्ख्या सीडीची एकच फाइल) हातात येते. तरी गेल्या दोन महिन्यांत तेच प्रश्न फिरून फिरून आले, म्हणून एकदाच उत्तरं देते.

मॅडम, आमच्या शाळेत २ जीबी रॅमचे वीस जुने संगणक आहेत. मराठी टायपिंग, जीकॉम्प्री (मुलांचे शैक्षणिक खेळ) आणि लिबरऑफिस असलेली लाइव्ह सीडी करायची आहे. सोपं साधन कोणतं? – शिक्षक, सातारा जिल्हा

क्युबिक. आयएसओ बदलणाऱ्या या साधनाला लुबुंटूची, म्हणजे उबुंटू लिनक्सच्या हलक्या भावंडाची, मूळ आयएसओ द्या. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप २ जीबीत धापा टाकतो, लुबुंटूही काठावरच आहे. क्युबिक ती आयएसओ उलगडून तिच्या आतलं टर्मिनल तुमच्यासमोर उघडतं. तिथे हवं ते एपीटीने (प्रोग्रॅम बसवायची आज्ञा) बसवा, नको ते काढा, 'नेक्स्ट' दाबत पुढे जा. तयार झालेली आयएसओ तिथल्या तिथे क्यूईएमयूमध्ये (आभासी संगणकात) चालवूनही बघता येते. मराठीसाठी नुसते फॉन्ट पुरत नाहीत, आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं लागतात. शिवाय इनस्क्रिप्ट शिकवणार की फोनेटिक, हे आधी ठरवा. दोन्ही ठेवलंत तर अख्खा तास 'ज्ञ' शोधण्यात जाईल. संगणक ३२-बिट असतील तर उबुंटूचा नाद सोडून अँटीएक्स ही हलकी लिनक्स बघा. आणि वीसच्या वीस एकदम करू नका. एकावर आठवडाभर चालवा, तालुक्यातल्या एखाद्या तंत्रस्नेही शिक्षकाला दाखवा, मग पुढचे.

रीमास्टरसिस कुठून उतरवू? व्हिडिओत फार सोपं दाखवलंय.

चालत्या लिनक्सची आयएसओ काढणारं ते साधन २०१३ मध्येच बंद पडलं. व्हिडिओची तारीख बघत चला.

काहीही न बसवता ब्राउझरमध्येच डिस्ट्रो (स्वतःची लिनक्स आवृत्ती) बनवता येते म्हणतात. खरं का?

सुसे स्टुडिओ या वेबसेवेत यायची, २००९ पासून. २०१८ मध्ये तो बंद झाला. ओपनसुसे बिल्ड सर्व्हिसवर किवी हे साधन वापरून आजही करता येतं, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

सीडीत मावेल ना?

७०० एमबीत नाही मावणार, ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. आणि आयएसओ त्यावर कॉपी-पेस्ट करू नका, रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमने लिहा.

माझ्या लॅपटॉपवर सगळं मनासारखं बसवलंय. एमएक्स स्नॅपशॉटने त्याचीच आयएसओ काढून क्लासच्या चाळीस मुलांना वाटू का? मित्र म्हणतो, हीच सर्वांत सोपी पद्धत. – डोंबिवली

सोपी आहे, आणि माझी धास्ती तीच आहे. क्युबिक किंवा डेबियन लिनक्सचं लाइव्ह-बिल्ड कोऱ्या मालापासून सुरुवात करतं. तुमचा लॅपटॉप त्याच्या खिजगणतीतही नसतो. स्नॅपशॉट मात्र तुमच्या चालत्या यंत्राचाच साचा काढतो, आणि साच्यात खरकटंही उमटतं.

काही वर्षांपूर्वी एका संगणक क्लासने वाटलेला पेनड्राइव्ह एका विद्यार्थ्याने मला कौतुकाने दाखवला: "क्लासमध्ये वायफाय आपोआप लागतं, पासवर्ड विचारतच नाही!" विचारेल कसा? चालकांचा पासवर्ड नेटवर्कमॅनेजरच्या फोल्डरात साध्या मजकुरात पडला होता. ब्राउझरमध्ये त्यांची मेल उघडी होती. टर्मिनलच्या इतिहासात फीच्या डेटाबेसचा पासवर्ड होता, तोही ओळीतच टाइप केलेला. असे तीसेक पेनड्राइव्ह गावात फिरत होते.

एमएक्स स्नॅपशॉटमध्ये खाती जशीच्या तशी ठेवण्याचा आणि खाती कोरी करण्याचा, असे दोन पर्याय असतात. वाटायची आयएसओ असेल तर दुसराच निवडा. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. होम फोल्डर कोरा झाला म्हणजे ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरातलं सगळं गेलं असं नाही. एसएसएचच्या (दुरून संगणकात शिरायची सोय) होस्ट की तशाच राहिल्या तर चाळीस यंत्रं एकाच ओळखपत्रावर वावरतात. मशीन-आयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) तोच राहिला तर काही मांडण्यांत दोन संगणकांना एकच आयपी पत्ता मिळतो आणि लॅबमध्ये 'नेट गेलं, नेट आलं' सुरू होतं. स्लॅक्स किंवा पोर्टियससारख्या थरांवर थर रचणाऱ्या प्रणालीत वरच्या थरात फाइल पुसली, तरी खालच्या थरात ती असतेच. कचऱ्यावर सतरंजी टाकली, इतकंच.

म्हणून आयएसओ तयार झाली की तिच्यातली स्क्वॉशएफएस फाइल (अख्खी प्रणाली आवळलेली फाइल) वेगळ्या फोल्डरात उलगडा आणि ग्रेपने (मजकूर शोधायची आज्ञा) तुमचं नाव, मोबाइल नंबर, वायफायचं नाव शोधा. सापडलं तर डागडुजी नको, कोऱ्या मालापासून पुन्हा बांधा. वाटण्याआधी नेटवर्क सांभाळणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या. स्वतःचं खरकटं स्वतःला दिसत नाही. आणि आधीच वाटून झालं असेल तर पेनड्राइव्ह परत मागत बसू नका, आज सगळे पासवर्ड बदला.

दुकानदार 'आजीवन लायसन्स'सह खास सायबर सिक्युरिटी लिनक्स २,५०० रुपयांना देतोय. घ्यावं का?

पेनड्राइव्हचे पैसे द्या, लायसन्सचे देऊ नका. लिनक्स विकायला जीपीएलची (लिनक्सच्या परवान्याची) मनाई नाही, पण घेणाऱ्यालाही त्याच्या फुकट प्रती वाटायचा हक्क असतो आणि सोर्स (मूळ कोड) मागायचाही. सोर्स मागून बघा, चेहरा कसा होतो ते कळवा. बहुतेक वेळा आत फुकटची काली (सुरक्षा तपासणीची लिनक्स) असते, वॉलपेपर बदललेला. पण आत आणखी काय घातलंय, हे कोण सांगणार? फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरची लिंक बदलून चोरदरवाजा असलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली गेली होती. मूळ प्रकल्पाकडून घ्या आणि चेकसमवर (फाइल बदललेली नाही ना हे दाखवणाऱ्या आकड्यावर) न थांबता जीपीजी सही (प्रकल्पाची डिजिटल सही) तपासा, कारण साइट ताब्यात घेणारा चेकसमही बदलू शकतो.

आमच्या आयएसओचं नाव 'उबुंटू महाराष्ट्र' ठेवलं तर?

बदललेल्या आयएसओला उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या परवानगीशिवाय ते नाव आणि बोधचिन्ह लावू नका. विकणार असाल तर आधी ट्रेडमार्क बघणाऱ्या वकिलाला भेटा.

माझी आयएसओ व्हीएममध्ये (आभासी संगणकात) चालते, नव्या लॅपटॉपवर बूट होत नाही.

बहुधा सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय. सही नसलेलं बाहेरचं कर्नल (लिनक्सचा गाभा) घातलं असेल तर काढा आणि मूळचं ठेवा. 'बायोसमध्ये जाऊन बंद करून टाका' हा सल्ला आंधळेपणाने ऐकू नका: विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर पुढच्या वेळी ते रिकव्हरी की मागू शकतं. की हाताशी नसेल तर थांबा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय हातही लावू नका.

२०२१ मध्ये उबुंटू २०.०४ वरून केलेली आयएसओ अजून छान चालते. पुन्हा बनवायची काय गरज? दिवाळीनंतर बघू म्हणतोय.

२०.०४ ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती मे २०२५ मध्ये संपली. त्याआधीच्या दुरुस्त्याही तुमच्या आयएसओत आपोआप शिरलेल्या नाहीत. आतला ब्राउझर २०२१ चाच आहे आणि मुलं त्यावरून पासवर्ड टाकतायत. लाइव्ह-बिल्डमध्ये पॅकेजांची यादी एकदा साध्या फाइलीत लिहिली की पुढच्या वेळी तीच यादी वापरून नवी आयएसओ बांधता येते. यादी करताना अडलात तर पाठवा, बघून देईन. जुने पेनड्राइव्ह मात्र आजच गोळा करा. दिवाळीनंतर नाही.