पहिल्या चवथीचं जेवण

यंदा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तुझ्या घरी, वीसेक माणसं पानावर बसणार, म्हणून तुझी झोप उडालीय. माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. आरती लांबली, भात गार झाला, हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या पानाला चिकटून फाटल्या आणि मी मागच्या पडवीत जाऊन रडले. सासूबाईंनी फाटलेल्याच पातोळ्या वाढल्या. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि एकही उरली नाही.

नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दोन-तीन दिवस आधीच तळून, पूर्ण गार करून घट्ट डब्यात भर. पातोळ्या मात्र त्याच सकाळी. पीठ हळदीच्या पानावर पातळ, सारखं पसर आणि वाफवलेली पातोळी थोडी निवल्यावरच पान सोडव.

वेळ द्यायचाच तर खतखत्याला, म्हणजे मिसळीच्या भाजीला, दे. सुरण, अळकुड्या आधी, भोपळा मागाहून. आमसुलं भाज्या मऊ झाल्यावरच घाल, आंबट आधी पडलं की सुरण शिजता शिजत नाही. तिरफळांच्या काळ्या बिया काढून फेक, उरलेली सालं ठेचून शेवटी घाल. (मला तर हे दुसऱ्या दिवशीचं जास्त आवडतं, म्हणून मोठंच टोप चढव.)

वाटण आदल्या रात्रीच करून ठेव, पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. नणंद मदतीला उठली तर नको म्हणू नकोस, खोबरं खवायला दे. मुंबईची मंडळी उशिरा पोचतील. नैवेद्य झाला की मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी वाढ, आणि तूही त्यांच्याबरोबर दोन घास खाऊन घे.