मंचाकडे नको, मंचाच्या पायाकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं इव्हेंटचं काम करताय, वरिष्ठ सारखे सांगतात की चित्रपट आणि माहितीपट बघत जा, खूप शिकायला मिळतं. पण बघायला बसलं की तुम्ही गोष्टीत रमता आणि शेवटी हाती काही लागत नाही. मग नेमकं बघायचं काय?

मी या कामात २२ वर्षं आहे. माझं म्हणणं असं, की सजावटीच्या आणि रोषणाईच्या कल्पना उचलायला चित्रपट बघू नका, त्या कुठेही मिळतात. माहितीपटात त्याहून मोलाचं काहीतरी असतं. एखादा कार्यक्रम बिघडला तर त्याच्या काही दिवस किंवा महिने आधी कोणत्या खोलीत, कुणी, काय ठरवलं होतं, ते तिथे दिसतं. आपल्या कामात ते कुणी दाखवत नाही. कार्यक्रम संपला की जो तो बिलाच्या मागे लागतो. मी पाहिलेल्या अशा बहुतेक माहितीपटांत मुळाशी उशिरा झालेला एखादा बदल सापडतो. जागा बदलते, पण त्या जागेवर अवलंबून असलेल्या बाकीच्या गोष्टी जुन्याच राहतात.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘गिमी शेल्टर’. १९७० चा माहितीपट, मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा. ६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियात आल्टामाँटच्या रेसट्रॅकवर रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा मोफत कार्यक्रम झाला, त्याची ही हकिगत. लोक जमले सुमारे तीन लाख. कार्यक्रम आधी ठरला होता सीअर्स पॉइंटला, आणि जेमतेम दोन दिवस आधी जागा बदलली. आता मंचाकडे लक्ष द्या. सीअर्स पॉइंटला मंच चढावर येणार होता, त्यामुळे तो मीटरभर उंचीचा केलेला होता. चढ असल्यामुळे लोक आपोआप खाली राहणार होते. आल्टामाँटला उलटं झालं: मंच उताराच्या तळाशी आणि गर्दी वरून खाली रेटणारी. उंची मात्र तीच, मीटरभर. राखणीला मोटरसायकलवाल्या टोळीची माणसं, हेल्स एंजल्स. त्या दिवशी मेरेडिथ हंटर हा १८ वर्षांचा मुलगा मंचासमोर भोसकला जाऊन मेला. दोन जण गाडीखाली गेले, एक जण कालव्यात बुडाला. मारणारा हात कुणाचा होता हा प्रश्न वेगळा, आणि तो महत्त्वाचाच आहे. पण आपल्या धंद्यातल्या माणसाने तो मीटरभर मंच डोक्यात कोरून ठेवावा. चढावर चालून गेला असता असा मंच उताराखाली आला, आणि त्याची उंची दोन दिवसांत कुणालाच वाढवता आली नाही.

हे मला इतकं का लागतं, ते सांगतो. आमचा एक बक्षीस समारंभ होता, शाळकरी मुलांचा. ठरलेलं सभागृह पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीचं, म्हणून व्यासपीठ फूटभर उंचीचं मागवलं होतं. तीन दिवस आधी ते सभागृह हातचं गेलं आणि सपाट हॉल मिळाला. मी धावाधाव करून सगळं हलवलं: साउंड, जनरेटर, निमंत्रणावरचा पत्ता, पार्किंग. व्यासपीठाची ऑर्डर तशीच राहिली. आकडा जुना होता आणि मला तो चुकीचा वाटलाच नाही, कारण तो एकदा बरोबर ठरवलेला होता. कार्यक्रम सुरू झाला आणि सहाव्या रांगेमागे कुणाला काही दिसेना. मुलं छोटी, समोर मोठ्यांची डोकी. मागच्या बाजूला एक आजी खुर्चीच्या पाठीला धरून शेवटपर्यंत उभ्या होत्या. नातवाचं नाव पुकारलं तेव्हा त्यांना त्याचा फक्त वर केलेला हात दिसला. त्यांनी तक्रार केली नाही. काही महिन्यांनी ‘गिमी शेल्टर’ पाहिला, मंचाची ती हकिगत कळली आणि मी पडदा बंद करून बराच वेळ बसून राहिलो. तेव्हापासून व्हेन्यू बदलला की आमच्याकडे जुनं क्यू शीट (कधी काय व्हायचं याचा क्रमवार कागद) आणि जुन्या ऑर्डरी रद्द समजतात. प्रत्येक आकडा नव्या जागेत उभं राहून, टेप धरून, परत लिहायचा. मोजायला निदान एक माणूस असा न्यायचा, ज्याने जुनी जागा पाहिलेलीच नाही.

दुसरा बघायचा तो ‘वूडस्टॉक’, हाही १९७० चाच, न्यूयॉर्क राज्यात १९६९ ला झालेल्या संगीत महोत्सवावरचा. लोक त्यात शांतता आणि संगीत बघतात. तुम्ही कुंपण बघा. आधीच्या गावाने परवानगी नाकारली, बेथेलमधली शेतजमीन मिळाली तेव्हा हातात जेमतेम महिना होता. शेवटी हात आणि दिवस अपुरे पडले आणि मंच पुरा करायचा की कुंपण आणि तिकीट खिडक्या, अशी वेळ आली. त्यांनी मंच निवडला. कार्यक्रम मोफत झाला, पैसा बुडाला, पण चार लाखांहून जास्त लोकांसमोर गाणारा माणूस उभा राहू शकला. मी या निर्णयाला मानतो. लोक येऊन बसलेले आहेत आणि समोर मंचच नाही, ही अवस्था पैसे बुडण्यापेक्षा भयंकर. आणखी एक गोष्ट ऐका: मंचावरून होणाऱ्या सूचना. चिप माँक आले होते प्रकाशयोजनेसाठी, ऐन वेळी त्यांना माइकवर उभं केलं. संथ, न घाबरलेला आवाज. मी माझ्या निवेदकांना ते भाग ऐकायला लावतो. गर्दीला आधी धीर लागतो, मग माहिती. (हेच माँक आल्टामाँटलाही होते. चांगला माणूस हाताशी असला म्हणून चुकीची जागा बरोबर होत नाही.)

फायर फेस्टिव्हल म्हणजे बहामाच्या बेटावर २०१७ मध्ये पुरता फसलेला महागडा संगीत महोत्सव; त्यावरचे दोन माहितीपट तुम्हाला कुणीही सुचवेल. दोन्ही जानेवारी २०१९ मध्ये, काही दिवसांच्या अंतराने आले. दोन्ही बघा, कारण एकाच्या निर्मितीत त्याच फेस्टिव्हलची जाहिरात करणारी कंपनी होती आणि दुसऱ्याने मुलाखतीसाठी मुख्य सूत्रधाराला पैसे दिले होते. कोण सांगतंय यावर कोण दोषातून सुटतो ते ठरतं, हेही शिकण्यासारखंच. तंबू, भिजलेल्या गाद्या, जेवण म्हणून दिलेल्या पाव-चीजचा तो फोटो, हे सगळं गाजलं. माझ्या मते त्याहून मोठी चूक कॅलेंडरवर होती. एप्रिल २०१७ चा जो शनिवार-रविवार त्यांनी निवडला, त्याच दिवसांत ग्रेट एक्झुमा बेटावर दरवर्षीची शिडांच्या होड्यांची मोठी शर्यत असते. राहायच्या खोल्या आधीच भरलेल्या. एक फोन केला असता तर कळलं असतं. तारीख पक्की करण्याआधी त्या गावात त्या दिवशी दुसरं काय आहे हे तिथल्याच माणसाला विचारा, इंटरनेटला नको. सूत्रधाराला पुढे सहा वर्षांची शिक्षा झाली ती फसवणुकीसाठी, पण त्या कंपनीतल्या अनेकांना हे जमणार नाही हे कधीच कळलं होतं. ते बोलत होते, त्यांचं ऐकून कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस मात्र कुठेच नव्हता. आमच्या प्रत्येक कामात असा एक माणूस आता नावानिशी ठरलेला असतो, आणि तो क्लायंटच्या बाजूचा नसतो.

१९९९ च्या वूडस्टॉकवरचे माहितीपट मी एकाच गोष्टीसाठी बघायला सांगेन: जमीन. जुना लष्करी विमानतळ, जुलैचं ऊन, पायाखाली डांबर, पाण्याची बाटली ४ डॉलरला. अशा लोकांच्या हातात शेवटच्या रात्री मेणबत्त्या दिल्या, आणि आगी लागल्या.

नुसती बिघडलेलीच उदाहरणं बघितलीत तर भित्रे व्हाल, म्हणून ‘समर ऑफ सोल’ (२०२१) नक्की बघा. १९६९ च्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या बागेत झालेला संगीत महोत्सव. रोषणाईला पैसे नव्हते. त्यांनी मंच पश्चिमेला तोंड करून बांधला, दुपारनंतरचं ऊन थेट कलाकारांच्या चेहऱ्यावर. पन्नास वर्षांनी ती दृश्यं आपण बघतो तेव्हा प्रकाश कमी आहे असं एकदाही वाटत नाही. अडचण तीच होती, पैसा नाही. पण ती आधी ओळखली आणि मंचाची दिशा तिच्यावरून ठरवली. रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, गेलात की होकायंत्र उघडा, आणि कार्यक्रमाच्याच वेळेला जा.

कथापटांबद्दल मी जरा कडक आहे. लग्नाचं नियोजन करणारी नायिका शेवटच्या दहा मिनिटांत सगळं सावरते, हे बघायला छान आहे, पण कामाला घातक. तरुण पोरं त्यातून धावपळ शिकतात. कथापटांतला एक मात्र माझ्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलेला आहे: ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४), एका काल्पनिक रॉक बँडवरचा विनोदी चित्रपट. त्यात कागदी रुमालावर नेपथ्याचं चित्र काढून देतात आणि फुटाच्या जागी इंचाची खूण करतात. १८ फुटांचा दगडी देखावा १८ इंचांचा होऊन मंचावर उतरतो. लोक हसतात. माझ्या ड्रॉइंगवर तेव्हापासून एकक अक्षरात लिहिलेलं असतं, खुणेने कधीच नाही, आणि बाजूला माणसाची आकृती काढलेली असते.

बघण्याची माझी पद्धत साधी आहे. पहिल्यांदा नुसतं बघायचं, मनापासून. दुसऱ्यांदा आवाज बंद. आवाज गेला की नजर कलाकारावरून निघून कडेला जाते: बॅरिकेड कुठे संपतंय, बाहेर पडायची वाट किती रुंद आहे, वायर कशावरून गेली आहे, पाणी कुठे आहे, रांग कुठे वळते. तिसऱ्यांदा फक्त कार्यक्रमाआधीचे प्रसंग, वही घेऊन. वहीत तीन रकाने: काय बदललं, कुणाला कळलं, कुणाला कळलं नाही.

सुरुवात ‘गिमी शेल्टर’पासून करा. त्यात वकील मेल्विन बेली यांच्या ऑफिसातला प्रसंग आहे, माणसांनी भरलेली खोली आणि फोनवर नव्या जागेचा सौदा. तिथे थांबवा. त्या क्षणी तुमच्या हातात फोन असता तर रेसट्रॅकच्या मालकाला तुम्ही कोणते प्रश्न विचारले असते, ते लिहून काढा आणि इथे टाका. मी वाचीन, आणि माझी यादीही देईन.